हिरड्यांतून रक्त : नुसत्या गोळ्या पुरत नाहीत

काही महिन्यांपूर्वी पन्नाशीच्या एक मावशी दवाखान्यात आल्या. हिरड्या सुजलेल्या, तोंडाला दुर्गंधी आणि पुढचे दोन दात हलत होते. "डॉक्टरसाहेब, मेडिकलातनं आंबट गोळ्या आणून दोन महिने चघळल्या, पण रक्त काही थांबंना," त्या म्हणाल्या. गोळ्या 'क' जीवनसत्त्वाच्या होत्या.

मावशींची समजूत अगदीच चुकीची नव्हती. हिरड्यांना बळकटी देणारे कोलॅजेन तयार होण्यास 'क' जीवनसत्त्व लागते. ते फारच कमी पडले तर स्कर्व्ही होतो. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातील डॉक्टरने स्कर्व्हीच्या दोन खलाशांना संत्री व लिंबे दिली आणि ते झपाट्याने सुधारले. शिवाय हे जीवनसत्त्व अँटिऑक्सिडंट आहे. दातांवरील जंतूंशी लढताना आपल्या पांढऱ्या पेशी जे दाहक घटक सोडतात, त्यांची झळ हिरड्यांनाही लागते. अँटिऑक्सिडंट ती झळ कमी करतात.

पण जंतूंचा थर तसाच राहिला, तर ही लढाई थांबणार कशी? मावशींच्या दातांवर कीटण साचून दगडासारखे झाले होते. ते दंतवैद्यांकडेच निघते. त्यात मिसरीची सवय. रक्तातील साखर तपासली, तर २८० निघाली! मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या आजाराने साखर आटोक्यात येत नाही. गोळ्यांच्या भरवशावर दोन महिने वाया गेले होते.

मग आहारात काय असावे? प्रौढांना रोज ६५ ते ८० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व पुरते. एका मध्यम पेरूतून ते सहज मिळते. आवळा, लिंबू, शेवग्याचा पाला, कोथिंबीर हेही उत्तम. उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून लिंबू ताटात पिळावे. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. लिंबू दातांवर मात्र चोळू नये. आम्लाने दातांचे वरचे आवरण झिजते. मधुमेहींनी आवळा खावा, मोरावळा नव्हे.

रक्त येते म्हणून दात घासणे बंद करू नका. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा घासा. मिसरी, तंबाखू सोडा. दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही तर दंतवैद्यांना दाखवा आणि साखर तपासून घ्या. सोबत ताप, नाकातून रक्त किंवा अंगावर काळेनिळे डाग असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मावशींनी मिसरी सोडली, दात साफ करून घेतले, मधुमेहाचे औषध सुरू केले. हलणाऱ्या दोन दातांपैकी एक काढावा लागला. दुसरा वाचला. त्या दोन महिने आधी आल्या असत्या, तर कदाचित दोन्ही वाचले असते.