पंधरा संस्थांचे एक इस्पितळ



पोटापाण्यासाठी परमुलखात गेलेला समाज तिथे स्थिरावला की काही गोष्टी स्वतःच्या हातांनी बांधतो. आधी देऊळ, मग शाळा, वाचनालय, धर्मशाळा. आपल्या शहरातील मराठी मंडळींनीही हेच केले आणि आपली शाळा त्यातूनच उभी राहिली. या अंकात आम्ही अशाच एका संस्थेची माहिती देत आहोत. ती हजारो मैल दूर, अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात आहे. तिचे नाव 'चायनीज हॉस्पिटल'. चीनमधून आलेल्या लोकांनी ती आपल्या बळावर उभारली.

सोन्याच्या डोंगराकडे

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले. ही बातमी समुद्रापार दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात पोहोचली. तिथे दुष्काळ, दंगे आणि गरिबी होती. तरुण मुले जहाजात बसून निघाली. त्यांच्या बोलीत कॅलिफोर्नियाचे नाव पडले 'गम सान', म्हणजे सोन्याचा डोंगर.

सोने थोड्यांनाच मिळाले, कष्ट मात्र सगळ्यांच्या वाट्याला आले. १८५२ पासून परदेशी खाणकामगारांवर दरमहा ३ डॉलरचा कर बसवण्यात आला आणि त्याचा मोठा भार चिनी मजुरांवर पडला. १८६९ साली पूर्ण झालेल्या, देश आरपार जोडणाऱ्या रेल्वेच्या पश्चिम भागात हजारो चिनी मजुरांनी सुरुंग लावून डोंगर फोडले. पण काम संपले आणि मंदी आली, तेव्हा "हे लोक आमची रोजी हिरावतात" अशी ओरड सुरू झाली. १८८२ साली अमेरिकन संसदेने कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी केली आणि चिनी माणसाला नागरिकत्व देण्याचा मार्गही बंद केला. हा कायदा १९४३ पर्यंत टिकला. उठला तेव्हासुद्धा वर्षाला फक्त १०५ चिनी लोकांना प्रवेश मिळू लागला.

आजारी पडल्यावर जायचे कुठे?

चिनी लोक शहराला कर देत होते, पण शहराच्या सरकारी इस्पितळाचे दार त्यांच्यासाठी जवळजवळ बंदच होते. चायनाटाऊन म्हणजे काही मोजक्या गल्ल्यांची दाटीची वस्ती. तिथला माणूस आजारी पडला तर वैद्याकडून जडीबुटीचे औषध आणायचा, नाहीतर अंगावर काढायचा. अनेक पुरुषांचे कुटुंब चीनमध्येच राहिलेले होते, त्यामुळे उशाशी बसायलाही कोणी नसे.

या अडचणीवर समाजानेच उपाय काढला. १८९९ च्या सुमारास सॅक्रामेंटो स्ट्रीटवर 'तुंग वा' नावाचा छोटा दवाखाना सुरू झाला. हे नाव हाँगकाँगच्या त्याच नावाच्या चिनी धर्मादाय इस्पितळावरून घेतलेले होते. ते इस्पितळ १८७२ साली सुरू झाले होते. दवाखान्यात पाश्चात्त्य पद्धतीचे डॉक्टर होते आणि चिनी वैद्यही होते. ज्याचा ज्यावर विश्वास, त्याने तो उपचार घ्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुखणे कुठे आहे ते रुग्णाला आपल्या भाषेत सांगता येत होते.

प्लेग : मुंबई ते चायनाटाऊन

मुलांनो, इथे आपल्या इतिहासाचा एक धागा या गोष्टीला येऊन मिळतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात तो प्रथम ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगास हे मूळचे गोव्याचे. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुण्यात मात्र सरकारने सोल्जर घरात घुसवून झडत्या घेतल्या. लोक घाबरले आणि आजारी माणसे लपवू लागले.

मार्च १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये एक मृतदेह सापडला आणि प्लेगचा संशय आला. दुसऱ्याच दिवशी अधिकाऱ्यांनी दोर लावून सारी वस्ती कोंडली. गोऱ्या लोकांना तेवढे बाहेर जाऊ दिले. काही दिवसांत वेढा उठला. पण मे महिन्यात हुकूम निघाला की हाफकिनची लस टोचून घेतल्याशिवाय चिनी आणि जपानी माणसाने शहराबाहेर पाऊल टाकू नये. इतरांना ही अट नव्हती. नंतर पुन्हा वस्ती कोंडण्यात आली, आणि हद्दीची रेषा अशी वळवून आखली की गोऱ्यांची घरे-दुकाने बाहेर राहावीत.

चिनी लोकांनी दगड उचलले नाहीत, वकील केला. मे आणि जून १९०० मध्ये न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी दोन निकाल दिले. त्यांचा आशय असा की रोग वंश पाहून येत नाही, म्हणून केवळ वंश पाहून नियम लावता येणार नाही. टोचण्याची सक्ती रद्द झाली आणि वेढाही उठला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. लस खोटी नव्हती. प्लेगही खोटा नव्हता. १९०४ पर्यंत शहरात १२१ जणांना तो झाला आणि त्यातले बहुतेक दगावले. पण ज्या हाताने आजवर फक्त ढकलले, तोच हात सुई घेऊन आला तर माणूस बाही वर करील का? चायनाटाऊनमध्येही लोकांनी आजारी आणि मृत माणसे लपवली, आणि त्यात नुकसान साऱ्या शहराचे झाले. औषधाआधी विश्वास लागतो. हा विश्वास आपल्या वस्तीतल्या, आपली भाषा बोलणाऱ्या दवाखान्यात मिळतो, ही गोष्ट त्या दिवसांत चिनी समाजाला पुरती उमगली असणार.

भूकंपानंतर

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. पाठोपाठ आगी लागल्या आणि चायनाटाऊन जळून खाक झाले. दवाखानाही गेला. शहरातील काही बड्या लोकांना ही संधी वाटली. चिनी वस्ती उचलून दूर कोपऱ्यात न्यावी, असा बेत त्यांनी आखला. चिनी समाज हलला नाही. त्याच जागी घरे उठली, दुकाने उघडली, आणि जवळच्या ट्रेंटन गल्लीत दवाखानाही पुन्हा सुरू झाला.

पंधरा संस्था एकत्र

छोटा दवाखाना आता पुरत नव्हता, खरे इस्पितळ हवे होते. पण बांधणार कोण? चिनी समाज काही एकजिनसी नव्हता. जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी मंडळे, व्यापाऱ्यांची संघटना, ख्रिस्ती झालेल्यांची संघटना, अमेरिकेत जन्मलेल्या चिन्यांची संघटना. आपसांत चुरस आणि भांडणेही होती. तरी १९२० च्या दशकात अशा पंधरा संस्था एकत्र आल्या, निधी गोळा केला आणि १९२५ साली जॅक्सन स्ट्रीटवर 'चायनीज हॉस्पिटल' उघडले. इस्पितळ कोणा एका धनिकाचे झाले नाही की एका गटाचेही झाले नाही. कारभारात पंधराही संस्थांना स्थान मिळाले. (योगायोग असा की मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेला 'हाफकिन इन्स्टिट्यूट' हे नाव त्याच वर्षी मिळाले.)

या इस्पितळाच्या उभारणीत डॉ. मार्गारेट चुंग यांचा वाटा होता. १८८९ साली कॅलिफोर्नियात एका गरीब चिनी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१६ साली त्या डॉक्टर झाल्या. अमेरिकेत जन्मलेल्या चिनी स्त्रियांपैकी त्या पहिल्या डॉक्टर. तिथल्या इस्पितळांनी त्यांना उमेदवारीसाठी घेतले नाही, म्हणून त्या दूर शिकागोला गेल्या. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत येऊन त्यांनी चायनाटाऊनमध्ये दवाखाना थाटला आणि नव्या इस्पितळात स्त्रिया व बालकांच्या विभागाची धुरा वाहिली. आमच्या विद्यार्थिनींनी हे नाव लक्षात ठेवावे.

मुलांना आवडेल अशी एक माहिती : नाटक कंपनीबरोबर दौऱ्यावर आलेल्या एका चिनी गायक-नटाला २७ नोव्हेंबर १९४० रोजी याच इस्पितळात मुलगा झाला. तो मुलगा म्हणजे प्रसिद्ध ब्रूस ली.

वास्तू आणि सेवा

१९७९ साली शेजारी नवी इमारत झाली. पुढे कॅलिफोर्नियात इस्पितळांच्या इमारती भूकंपात टिकाव्यात यासाठी कायदे कडक झाले. तेव्हा प्रश्न आला की १९२५ ची वास्तू जपायची की पाडायची? जुन्या वास्तूवर प्रेम करणाऱ्यांना वाईट वाटले, पण वास्तू पाडली गेली आणि २०१६ साली तिच्या जागी नवे इस्पितळ उघडले. आज तिथे कोणत्याही वंशाचा रुग्ण येऊ शकतो. तरीही चिनी आजीबाईला आपल्या कॅन्टोनीज बोलीत डॉक्टरांशी बोलता येते.

यातून काय घ्यावे?

आम्हाला यात तीन गोष्टी दिसतात. पहिली, दार बंद झाले म्हणून हे लोक केवळ कुढत बसले नाहीत. न्यायालयात हक्कासाठी लढले आणि दुसऱ्या हाताने विटाही रचल्या. दुसरी, गट पंधरा होते, पण इस्पितळ एकच बांधले; पंधरा बांधायला निघाले असते तर एकही उभे राहिले नसते. तिसरी, आपल्यांसाठी उघडलेले दार त्यांनी पुढे सर्वांसाठी उघडले आणि आपली भाषा आत तशीच ठेवली. आपल्या शाळेतही आता अनेक घरांतली मुले येतात. त्यांचे स्वागतच आहे. पण मराठीचा तास कमी करून जागा करायची, की मराठीच्या तासालाच त्यांनाही बसवायचे? आमचे मत दुसऱ्या बाजूला आहे. पालकांनी आणि विश्वस्तांनी या प्रश्नाचा विचार जरूर करावा.

स्वाध्याय

१. चिनी लोकांनी लस टोचून घेण्यास विरोध का केला? लस चांगली असूनही असे का घडले, ते पाच ओळींत लिहा.
२. पुणे आणि सॅन फ्रान्सिस्को येथील प्लेगच्या बंदोबस्तात कोणते साम्य होते?
३. आपल्या मोहल्ल्यातील वर्गणीतून उभी राहिलेली एक संस्था शोधा. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी सुरू केली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणा.