थांबणारी मशीन घ्या

राळेगाव तालुक्यात सरपणाची खरी घाई कापूस घरात आल्यावर सुरू होते. उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर लागतात, पण पऱ्हाटी भरकन पेटते आणि तशीच विझते. लग्नाच्या पंगतीचा भात शिजवायचा, थंडीत घरभराच्या आंघोळीचं पाणी तापवायचं, तर बाभळीचं किंवा निंबाचं जाड लाकूडच पाहिजे. पूर्वी पुष्कळ घरं जंगलातून मोळ्या आणत. टी-१ वाघिणीच्या दहशतीत ते कमी झालं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली, तोवर तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. त्यानंतरही आमच्या घरातल्या बायकांना पुन्हा जंगलात जा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. सरपण आता आपल्याच धुऱ्यावरच्या झाडांचं, आणि ते कापायला कुऱ्हाडीच्या जागी चेनसॉ मशीन आली.

माझ्या चुलतभावाने अशीच एक मशीन आणली. डब्यावर मोठ्या आकड्यात ५८ सीसी लिहिलेलं, चेन जिच्यावर फिरते ती पट्टी २२ इंची, किंमत नावाजलेल्या कंपनीच्या लहान मशीनपेक्षाही कमी. पहिला हंगाम ती एका ओढीत सुरू व्हायची, म्हणून गावात तिचं नाव झालं. दुसऱ्या हंगामात आडव्या पडलेल्या बाभळीच्या फांद्या छाटताना पट्टीचं टोक मागे लपलेल्या फांदीला टेकलं. मशीन उसळून अंगावर आली. त्याचं डावं मनगट पुढच्या ढालीवर आपटलं, म्हणजे त्याच क्षणी ब्रेक लागून चेन थांबायला हवी होती. ती फिरतच राहिली आणि खांदा कापत गेली. दुपट्टा घट्ट बांधून आम्ही त्याला यवतमाळला नेलं. हात वाचला, पण त्या हाताने पाण्याची बादली उचलायला त्याला पुढचा पावसाळा लागला.

मशीन मी मिस्त्रीकडे नेली. त्याने बाजूचं झाकण उघडलं, ढाल दोनतीनदा मागेपुढे केली आणि म्हणाला, "भाऊ, येचा ब्रेक नवी होती तवाबी धरत नसन. स्प्रिंगमंदी दमच नाई." स्प्रिंग मागायला गेलो तर विकणाऱ्याकडे सुटा भाग एकही नव्हता. बिल म्हणून मिळाला होता तो साधा कागद, त्यावर ना मशीनचा नंबर ना कोणाची सही.

तेव्हापासून भरवशाची मशीन कोणती असं कोणी विचारलं, की ती किती पटकन सुरू होते हे मी बोलतच नाही. सुरू न होणाऱ्या मशीनने एक दिवस बुडतो. न थांबणारी मशीन माणूस बुडवते.

म्हणून दुकानात पहिली परीक्षा ब्रेकची करा. मशीन बंद असताना ढाल पुढे ढकला आणि जाड हातमोजा घालून चेन ओढून पहा. ती जागची हलता कामा नये. ढाल मागे घेतली की सहज सरकली पाहिजे. मग मशीन सुरू करायला लावा. दोन्ही हातांनी घट्ट धरून, पट्टी जमिनीपासून उचललेली ठेवून, क्षणभर पूर्ण रेस द्यायची आणि डाव्या हाताची मूठ न सोडता मनगटाने ढाल ढकलायची. चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. "थोडी फिरते, चालते" असं दुकानदार म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. रेस सोडल्यावर इंजिन चालू आणि चेन स्थिर, हेही डोळ्यांनी पहा; मोकळ्या रेसवर चेन सरकत असेल तर जुळणी तरी चुकली आहे किंवा क्लच बिघडला आहे. मागच्या मुठीवरचा खटका दाबल्याशिवाय रेस ओढली जाऊ नये. पट्टीखाली, इंजिनाजवळ, तुटलेली चेन अडवणारा छोटा आकडा असतो. स्वस्त मशीनवर तो कधी कधी नसतोच.

उसळी कुठून येते ते समजून घ्या. पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागला की तिथले दात अडकतात, आणि इंजिनाचा सगळा जोर पट्टीला वर व मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे फेकतो. म्हणून टोकाने कापायचं नाही, पट्टीच्या रेषेत मान आणायची नाही, डाव्या हाताचा अंगठा मुठीभोवती वळलेला ठेवायचा आणि मशीन खांद्याच्या वर उचलायची नाही. लांब पट्टी घेणाऱ्याला टोकावर नजर ठेवणं अवघड जातं. घरच्या सरपणाला १६ इंची पट्टी पुरते. लाकूड जाड असलं तर दोन बाजूंनी कापता येतं.

सीसीच्या आकड्याला भुलू नका. छापलेले सीसी आणि खरं इंजिन यांचा मेळ बसेलच असं नाही. शक्ती किती किलोवॅट आणि पट्टीशिवाय वजन किती, एवढं विचारा. स्टील (Stihl) कंपनीच्या एमएस १८० मशीनमध्ये जेमतेम ३२ सीसीचं इंजिन आहे आणि वजन चार किलोच्या आसपास. जगभर लोक अशाच लहान मशीनवर घरचं सरपण कापतात. मशीन जड असली की दुपारपर्यंत हात थरथरतात, आणि अपघात दमलेल्या हातांना होतात. मूठ आणि इंजिन यांच्यात स्प्रिंगा किंवा रबर आहेत का, हेही म्हणूनच पहायचं.

वीज असलेल्या अंगणातच कापायचं असेल तर विजेवरची मशीन चांगली. धुऱ्यावर तिचा उपयोग नाही.

कंपनीचं नाव मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, सुटे भाग पहिल्या. विकत घेण्याआधी दुकानदाराला चेन, प्लग, एअर फिल्टर, ब्रेकची स्प्रिंग आणि दोरीचा स्टार्टर काढून दाखवायला सांगा. "मागवून देतो" हे उत्तर मी धरत नाही. राळेगावात, वडकीला किंवा फार तर हिंगणघाटला ती मशीन उघडणारा मिस्त्री आहे का, हे आधी त्या मिस्त्रीलाच जाऊन विचारा. आणि मशीनच्या नंबरासकट जीएसटीचं पक्कं बिल घ्या.

चेन बदलताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पिच, गेज आणि आतल्या कड्यांची संख्या. तिन्ही पट्टीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेल्या असतात. आजच्या चेनचा दात अमेरिकेतल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने शोधला. लाकूड पोखरणारी अळी डावीउजवीकडे कुरतडत कशी पुढे जाते ते त्याने पाहिलं, आणि तसेच आलटूनपालटून डावेउजवे दात बनवून १९४७ मध्ये विकायला काढले. त्या दातांना धार आहे तोवर लाकडाचे जाडसर छिलके उडतात. बारीक पीठ पडू लागलं की थांबा आणि गोल कानस घ्या. बोथट चेनवर माणूस जोर लावतो, आणि तोच जोर पुढे उसळीत येतो.

आमच्याकडची धार बहुतेक वेळा तारेने जाते. रोही आणि रानडुकरं अडवायला धुऱ्यावरच्या झाडांना तार ठोकलेली असते, आणि वर्षांनुवर्षांत खोड तिला गिळून टाकतं. कापण्याआधी झाडाभोवती फिरा, सालीवरची आडवी वळी शोधा, म्हाताऱ्या माणसाला विचारा. पऱ्हाटीच्या जुडीवर मशीन कधीच चालवू नका. काड्या चेनमध्ये गुंततात आणि चाबकासारख्या तोंडावर येतात. तिला कुऱ्हाडच बरी. बाभूळ ओली असतानाच कापून फोडून ठेवा. वाळल्यावर ती दात खाते.

पेट्रोलमध्ये टू-टी तेल पुस्तिकेत असेल त्याच प्रमाणात. ५०:१ म्हटलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४०. चेनच्या तेलाची टाकी वेगळी असते. तिच्यात ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल ओतण्याची रीत सगळीकडे आहे. त्यातला धातूचा कीस पंप आणि पट्टी झिजवतो, आणि ते तेल अंगावरही उडतं. तेल पोचतं का हे पाहायला पट्टीचं टोक फिक्या रंगाच्या खुंटासमोर धरून रेस द्या. तेलाची रेघ उमटली पाहिजे.

झाड कापण्याआधी ते कोणतं आहे हेही पाहा. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, तिवस, ऐन ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत. शेत आपलं असलं तरी परवानगी लागते. इतर झाडांबद्दलही वनरक्षकाला आधी विचारलेलं बरं.

कापताना धोतर, सैल बाही, गळ्यात लोंबणारा दुपट्टा नको; चष्मा किंवा जाळी, कानात बोळे आणि जाड जोडे हवेत. एकट्याने धुऱ्यावर जाऊ नका, हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर कोणीतरी असू द्या. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पावसाळाभर तसंच राहिलं तर कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होतो. पुन्हा मशीन काढाल तेव्हा दोरी ओढण्याआधी ढाल पुढे ढकलून, हातमोजा घालून, चेन ओढून पहा.