आजी, नातू आणि लोहगड

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, आईंचं वय पासष्ट. सगळ्यांना झेपेल असा पुण्याजवळचा गड सुचवाल का? गाडी नाही.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : लोहगडच. वर जायला बांधीव पायऱ्या आहेत, त्यामुळे वाट चुकायची भीती नाही. लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. तिथून भाजे गावातून लोहगडवाडीपर्यंतची चढण लांब आहे, ती रिक्षा किंवा जीप ठरवून टाळा. आईंचे गुडघे पायऱ्यांसाठी राखून ठेवा. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे लागतात. प्रत्येक दरवाज्यात पाच मिनिटं बसायचं, असं आधीच ठरवून टाका. मुलांना पुढचा दरवाजा गाठायची घाई असते, मोठ्यांना दम खायला निमित्त मिळतं!

माथ्यावरून गडाची विंचूकाटा माची दिसते. तिकडे जाताना थोडा कातळ उतरावा लागतो. लहान मूल आणि आई सोबत असताना ती वरूनच पाहिलेली बरी.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी मात्र जाऊ नका. पायऱ्या शेवाळतात आणि गर्दीत पाय टाकायला जागा उरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पहिल्या लोकलने निघा. खाऊ पिशवीत बंद ठेवा. माकडं हातातलाही पुडा पळवतात.

उतरल्यावर अंगात त्राण असेल, तर भाजे लेणी बघा. चैत्यगृहाच्या छताला बावीसशे वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. आई दमल्या असतील, तर सरळ मळवली स्टेशन गाठा.