गाईचा माज आणि मेंदूचा हुकूम

गाय व्याल्यानंतर तीन-तीन महिने माजावर येत नाही, अशी तक्रार अनेक गावांत ऐकू येते. गर्भाशयात काही दोष असावा, असा तर्क अशा वेळी केला जातो. परंतु पुष्कळदा गर्भाशय निर्दोष असते. माजाचा हुकूम ज्या मेंदूतून सुटावयाचा, तेथूनच तो पुरेसा सुटत नाही. एक माज हुकला म्हणजे सुमारे २१ दिवसांचा चारा व खुराक वाया जातो. म्हणून या हुकुमाची वाट समजून घेणे प्रत्येक पशुपालकाच्या हिताचे आहे.

मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची लहानशी ग्रंथी असते. तिच्या स्रावांमुळे अंडाशयाचे कार्य चालते. परंतु ही ग्रंथीही स्वतंत्र नाही. तिच्या लगत वर असलेला मेंदूचा भाग, म्हणजे अधोथॅलॅमस, एक संप्रेरक तयार करतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून ते थेट पीयूषिकेत उतरते. अँड्र्यू शॅली यांच्या गटाने डुकरांच्या मेंदूंतून हे संप्रेरक वेगळे करून १९७१ साली त्याची रचना जाहीर केली. दहा अमिनो आम्लांची ती एक छोटी साखळी आहे. मेंदूतील अशा संप्रेरकांवरील कार्याबद्दल शॅली व रॉजर गिलेमाँ यांना १९७७ सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हे संप्रेरक सतत वाहत नाही. ते थांबून थांबून, ठोक्याठोक्याने सुटते. माजाच्या आधी अंडाशयातील पुटक वाढू लागले म्हणजे त्यातून इस्ट्रोजेन स्रवते. त्याचे प्रमाण पुरेसे वाढताच मेंदू एकदम मोठा हुकूम सोडतो, पीयूषिका आपला साठा रक्तात ओतते आणि माज सुरू झाल्यापासून साधारणतः २४ ते ३० तासांनी स्त्रीबीज सुटते. पुढे त्या जागी पीतपिंड तयार होतो. त्याचे प्रोजेस्टेरॉन मेंदूला आवर घालते. गाय गाभण नसेल, तर पीतपिंड विरतो, आवर सुटतो व सुमारे २१ व्या दिवशी पुन्हा माज येतो.

आता गाय माजावर का येत नाही, हे ध्यानी येईल. व्याल्यावर दूध भरपूर आणि खुराक अपुरा असला, म्हणजे गाय अंगावरची चरबी खर्च करते. शरीरात तूट आहे हे मेंदू ओळखतो व ठोके विरळ होतात. वासरू दिवसभर आचळाशी राहिल्यानेही ते मंदावतात. कडक उन्हाळ्याचा ताणही या व्यवस्थेस बाधक ठरतो. म्हशीत तर उन्हाळ्यात माज अनेकदा मुका राहतो.

यासाठी पशुपालकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. गाभणकाळाच्या शेवटच्या दोन महिन्यांत व व्याल्यानंतर हिरवी वैरण, पेंड आणि खनिज मिश्रण नियमित द्यावे.

२. वासरास ठरावीक वेळीच पाजावे. उन्हाळ्यात सावली व मुबलक पाणी ठेवावे.

३. व्याल्यानंतर ४५ दिवसांपासून सकाळी व सायंकाळी माजाची लक्षणे पाहावीत : हंबरणे, दुसऱ्या जनावरास अंगावर चढू देणे, काचेसारखा स्वच्छ चिकट स्राव. तारीख लिहून ठेवावी.

४. सकाळी माज दिसल्यास त्याच सायंकाळी, सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करून घ्यावे.

मेंदूतील या संप्रेरकासारखी कृत्रिम औषधे आज उपलब्ध आहेत. परंतु त्यांची निवड व वेळ अंडाशय तपासूनच ठरते. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये. उपाशी गाईला इंजेक्शन दिल्याने तिच्या शरीरातील तूट भरून निघत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ६० दिवसांत माजावर न आलेल्या जनावरांची यादी करावी, प्रथम त्यांची गव्हाण पाहावी आणि मग त्यांना तपासणीस न्यावे.