जुन्या चर्चची दुरुस्ती: पैसा कुठे जातो, कुठे वाचतो

बुलढाणा जिल्ह्यातलं तुमचं चर्च मिशनच्या काळातलं आहे, कौलं गळताहेत आणि रविवारची उपासना थांबवायची नाही? ठेकेदाराला बोलावण्याआधी कागद काढा. धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल-१चा उतारा, भूमी अभिलेखमधून मिळकत पत्रिका, शिवाय कमिटीचा ठराव. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत द्यायचा बदल अर्ज राहिला असेल, तर आधी तो मिटवा.

नुसता गिलावा, रंग किंवा कौलं बदलायला सहसा नगरपालिकेची बांधकाम परवानगी लागत नाही. पण केंद्र-संरक्षित स्मारक ३०० मीटरच्या आत असेल, जसं लोणारचं दैत्यसूदन मंदिर, तर दुरुस्तीलाही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस लागते. चार महिने धरून चाला. पहिल्या १०० मीटरमध्ये विनापरवाना बांधकाम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एजंट 'करून देतो' म्हणेल. अर्ज ऑनलाइन आहे, तुम्हीच भरा.

आता खर्च. कोटेशन चौरस फुटाचं मिळतं. त्यात काय नाही, ते विचारा. परांचीचं भाडं काम बंद असलं तरी चालू राहतं. राडारोडा उचलण्याचे पैसे वेगळे, १८ टक्के जीएसटी वेगळा. ठेकेदाराचं एक बिल ३०,०००च्या वर गेलं की टीडीएस तुम्ही कापायचा: व्यक्तीला १, फर्मला २ टक्के. आणि जुनं सागवान! 'मोडीत काढतो' म्हणत ते ट्रॅक्टरमध्ये चढतं. नग मोजा, वहीत लिहा, मगच हलू द्या.

सगळ्यात महाग पडतो तो सिमेंटचा शॉर्टकट. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आज स्वस्त, पण ओल आत कोंडते. काही पावसाळ्यांनी बोटाने ठोकून पाहा, पोकळ वाजतो. पापुद्रा निघाला की विटेचा चुराही सोबत येतो. मग हाच ठेकेदार 'पाडून नवंच बांधा' म्हणतो. मुंबईचं १७१८चं सेंट थॉमस कॅथेड्रल त्याला दाखवा: दुरुस्तीला २००४मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, उपासना आजही होते.

चुन्याला सावकाश सुकू द्यावं लागतं; आपल्याकडच्या मे महिन्यात भेगाच पडतील. गिलावा पावसाळ्यानंतर घ्या, नाताळाआधी उरका. छप्पर नाताळ ते ईस्टर. अर्ध्या भागात काम, अर्ध्यात उपासना. अख्खं छप्पर एकदम उघडलंत तर दर रविवारी मंडपाचं भाडं.

देणगी चेकने घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जी सवलत मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगाचे पैसे एफसीआरए नोंदणीशिवाय घेऊ नका. आणि ठेकेदाराचे शेवटचे १० टक्के एक पावसाळा न गळता गेल्यावरच मिळतील, असं करारात लिहून घ्या.