नावे ठेवण्याआधी

भिलाईच्या टाउनशिपमध्ये पत्ता असतो तो सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर यांचा. 1955 च्या सोव्हिएत करारातून पोलाद कारखाना आला, त्याच्यासाठी ही वसाहत आखली गेली, आणि आखणाऱ्यांनी सेक्टरांना सरळ आकडे दिले. नवख्या माणसाला इथला एक पत्ता उमगला की न पाहिलेले पत्तेही उमगू लागतात. प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत नावांची पद्धत ठरवायला बसलेल्यांना मला हेच सांगायचे आहे. अमुक नाव छान आहे का, हा नंतरचा प्रश्न. एका नावावरून दुसऱ्या, अजून न वाचलेल्या नावाचा अंदाज बांधता येतो का, हा पहिला. तो पहिली आवृत्ती बाहेर पडण्याआधी सोडवला नाही, तर त्याची किंमत तुम्ही नव्हे, तुमची भाषा वापरणारे मोजत राहतात.

याचा सर्वांत ठळक पुरावा पीएचपी. अक्षरमाळेची लांबी मोजणारे ‘स्ट्रलेन’ एकसंध लिहायचे, पण अक्षरमाळेतला मजकूर बदलणाऱ्या ‘स्ट्र_रिप्लेस’मध्ये अंडरस्कोर घालायचा. ‘इन_अॅरे’ला आधी शोधायची वस्तू द्यायची आणि मग शोधायची जागा; ‘स्ट्रपॉस’ला नेमके उलटे. समर्थक सांगतात की या क्रमात गोंधळ नाही: अक्षरमाळेची फंक्शने सी भाषेच्या वळणावर गेली, अॅरेची वेगळ्या वळणावर, आणि आपापल्या घरात दोन्ही शिस्तीत आहेत. मुद्दा बराचसा खरा आहे, पण उपयोगाचा नाही. वापरणाऱ्याला फंक्शनचे कूळ ठाऊक नसते, त्याच्यासमोर फक्त नाव असते. जो नियम इतिहास वाचल्यावरच दिसतो, तो नियम रोजच्या कामात नसल्यासारखाच. 2020 मध्ये पीएचपी 8 ने ‘स्ट्र_कन्टेन्स’ आणि त्याची भावंडे आणली, त्यांची नावे नीटस आहेत. जुनी मात्र तशीच उभी आहेत.

पायथनची गोष्ट जास्त बोलकी, कारण तिथे नियम लिहिलेला आहे. पेप 8 हा शैलीचा दस्तऐवज जुलै 2001 चा, आणि त्यातला आजचा नियम असा: फंक्शनचे नाव लहान अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर. चाचण्यांचे ‘युनिटटेस्ट’ त्याच्या काही महिने आधी लायब्ररीत आले होते, जावाच्या जेयुनिटवरून घेतलेले, त्यामुळे तिथे मधले अक्षर कॅपिटल. ते समजण्यासारखे आहे. पण नोंदी ठेवणारे ‘लॉगिंग’ 2003 मध्ये, म्हणजे त्या दस्तऐवजानंतर आले, आणि तेही जावाच्या लॉगफोरजेचा चेहरा घेऊनच. ‘गेटलॉगर’ लिहिताना मधला एल आजही कॅपिटल करावा लागतो. दुसऱ्या भाषेतून येणाऱ्यांना ओळखीचे वाटावे म्हणून अशी नावे ठेवतात, हा युक्तिवाद मला नेहमी ऐकू येतो. येणारे लोक एकदाच येतात, आणि त्यातल्या अनेकांनी मूळ लायब्ररी पाहिलेलीही नसते. पुढे येणाऱ्या पिढ्यांसाठी उरतो तो नुसता अपवाद.

मग नंतर बदलू, असे म्हणणारे भेटतात. बदलता येते, पण कसे ते पाहा. पायथनच्या ‘थ्रेडिंग’मध्ये 2008 साली नियमाला धरून नवी नावे आली, जुनीही ठेवली, जुन्यांवर नापसंतीचा शिक्का बसला 2021 मध्ये. ‘युनिटटेस्ट’मधली ‘असर्टइक्वल्स’सारखी जोडनावे दशकाहून जास्त काळ नापसंत राहून 2023 मध्ये, 3.12 मध्ये निघाली. जावास्क्रिप्टला तर तेवढीही मुभा नाही. अॅरेला ‘कन्टेन्स’ हे नाव द्यायचे होते, ते ‘इन्क्लूड्स’ झाले. ‘फ्लॅटन’चे 2018 मध्ये ‘फ्लॅट’ झाले. दोन्ही वेळी कारण मूटूल्स नावाची जुनी लायब्ररी, जिच्यावर चालणारी संकेतस्थळे मोडली असती. स्विफ्टने धाडस केले: 2014 मध्ये जन्मलेल्या भाषेने 2016 मध्ये तिसऱ्या आवृत्तीत नावे सरसकट बदलली आणि साऱ्यांना आपला कोड पुन्हा हाताळायला लावला. ते निभले, कारण भाषा दोन वर्षांची होती आणि तिच्यामागे एकच मोठी कंपनी होती. या दोन्ही गोष्टी तुमच्याकडे नसतील, तर त्या उदाहरणावर भिस्त ठेवू नका.

आजचा वजनदार आक्षेप वेगळा: एडिटर नाव पुरे करून देतो, यंत्र कोड लिहून देते, मग अंदाज बांधायचा कोणी? लिहिण्यापुरते हे मान्य. पण कोड लिहिला जातो एकदा आणि वाचला जातो अनेकदा, आणि वाचताना एडिटर हेतू सांगत नाही. पायथनमध्ये ‘सॉर्ट’ मूळ यादीच बदलते आणि हातात काहीच देत नाही. ‘सॉर्टेड’ नवी यादी देते. स्विफ्टने हाच फरक नियम म्हणून लिहून ठेवला, म्हणून तिथे ‘शफल’ पाहिल्यावर ‘शफल्ड’ काय करेल ते न शोधता कळते. रस्टने त्याही पुढे जाऊन नावात खर्च सांगितला. ‘अॅज’ने सुरू होणारे रूपांतर फुकट, ‘टू’ने सुरू होणारे बहुधा महाग, ‘इनटू’ने सुरू होणारे मूळ वस्तू स्वतःकडे घेणारे. हे संकेत 2015 च्या 1.0 आधी ठरवले गेले. माझ्या मते नावांच्या पद्धतीकडून मागायचे ते हेच, नुसती अंडरस्कोरची टापटीप नव्हे.

सेक्टरांचे आकडे या कसोटीवर अपुरे पडतात, हे कबूल करायला हवे. आकड्यावरून आत काय आहे ते कळत नाही. जवाहरलाल नेहरू रुग्णालयाला लोक सेक्टर 9 चे हॉस्पिटल म्हणतात, ते सवयीने. कारखान्याच्या झोतभट्ट्यांचा क्रमही असाच कोरडा. आठव्या भट्टीला ‘महामाया’ हे नाव मिळाले, पण ‘आठ’ हा आकडा गेला नाही. लायब्ररीत लाडके नाव ठेवायचा मोह झाला तर एवढे पथ्य पाळा.

एक गोष्ट आपल्यासाठी. गो भाषेत बाहेर वापरता येणारे नाव कॅपिटल अक्षरानेच सुरू व्हावे लागते. पद्धत सुटसुटीत, पण देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही. शिवाय गोच्या नियमात नावात फक्त अक्षरे आणि आकडे बसतात, मात्रा बसत नाहीत: ‘घर’ चालते, ‘घरी’ चालत नाही. हे त्या भाषेच्या कर्त्यांनी स्वतः नमूद केले आहे. पायथन 3 मध्ये दोन्ही चालतात. नवी भाषा रचणाऱ्याने, आणि दुर्ग-भिलाईच्या शाळांसाठी रचणाऱ्याने तर नक्कीच, नियम पक्का करण्याआधी मात्रा आणि जोडाक्षरे असलेली वीसेक नावे टाइप करून पाहावीत. मग लायब्ररीची पाच नावे एखाद्या त्रयस्थाला दाखवून सहावे ओळखायला सांगावे. तो चुकला तर दुरुस्ती नियमात करावी, त्याच्या उत्तरात नव्हे.