लेन्सचा फिल्टर: कशाला किती मोजावेत

नवा कॅमेरा घेतला की दुकानदार बिलात एक यूव्ही फिल्टर बहुधा घालतोच. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी घ्यावा. फिल्मच्या काळात अतिनील किरणांमुळे लांबच्या डोंगरांवर निळसर धुरकटपणा यायचा, तेव्हा त्याची गरज होती. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढ्यातच हे किरण अडवणारी काच असते. त्यामुळे आता यूव्ही फिल्टरचं काम उरलं ते लेन्सच्या राखणीचं. जेजुरीचा भंडारा, विसर्जनाचा गुलाल, कोकणातल्या लाटांचे खारे तुषार अशा ठिकाणी ती राखण हवीच. मात्र तेव्हा कोटिंगवाला, हजार ते दोन हजारांचा फिल्टर घ्या. दोन-तीनशेच्या काचेतून बघायला लावलं तर महागडी लेन्सही मळकट चित्र देते. पारख सोपी आहे: दुकानातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेत पाहा. कोटिंग असेल तर ते मंद, हिरवट-जांभळं दिसतं. नसेल तर पांढरं लख्ख. दिवाळीच्या रात्री दिवे टिपताना मात्र हा फिल्टर काढूनच ठेवा, नाहीतर ज्योतींची फिकट प्रतिबिंबं चित्रात भलतीकडेच उमटतात.

पैसे घालायचे ते नंतर संगणकावर जे साधत नाही त्यासाठी. या हिशेबात पहिला मान पोलरायझरचा. दुकानात त्याला सीपीएल म्हणतात. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात उभे राहा. ओल्या पानांवर, खडकांवर आभाळाची पांढुरकी चकाकी असते आणि तिच्यामुळे फोटोतला हिरवा रंग फिका पडतो. सीपीएलची पुढची कडी सावकाश फिरवत गेलं की एका जागी ती चकाकी उतरते. पानं गर्द होतात, ओढ्याच्या तळाचे गोटे दिसू लागतात. चकाकीने झाकलेला तपशील फाइलमध्ये आलेलाच नसतो, मग तो नंतर काढणार कुठून?

निळ्या आकाशावर सीपीएलचा परिणाम सूर्यापासून काटकोनातल्या दिशेला सर्वांत जास्त होतो. सूर्य पाठीशी असेल तर जवळपास काहीच नाही. वाइड लेन्सवर आकाशात एकीकडेच गडद पट्टा येतो, तेव्हा कडी थोडी मागे घ्या. धातूच्या चकाकीपुढे सीपीएल चालत नाही. शिवाय तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), म्हणून ढगाळ हवेत आयएसओ वाढवायची तयारी ठेवा. 67 मिमी मापात कामाला उत्तम असा सीपीएल साधारण दोन ते साडेतीन हजारांत मिळतो. नावाजलेल्या कंपन्यांचे वरच्या श्रेणीतले सहा हजारांच्या पुढे जातात. भाव दुकानागणिक हलतात, म्हणून मुंबईच्या बोरा बाजारात चार ठिकाणी विचारा आणि पक्कं बिल घ्या. घेण्याआधी फिल्टरची पुढची बाजू लॅपटॉपच्या पडद्याकडे धरून फिरवा. पडदा काळा पडत नसेल तर तो सीपीएल नव्हेच.

आता मापाचं. लेन्सच्या तोंडाशी किंवा झाकणाच्या आत तिरक्या रेघेने छेदलेलं वर्तुळ आणि पुढे 49, 55, 67, 77 असा आकडा असतो. हे आट्यांचं माप. लेन्सची फोकल लेंग्थ वेगळी, तिच्याशी याची गल्लत नको. प्रत्येक लेन्ससाठी वेगळा फिल्टर घेत बसू नका. तुमच्याकडच्या सर्वांत मोठ्या मापाचा एकच चांगला घ्या आणि बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग लावा. ती दोन-चारशे रुपयांत येते. एवढ्या एका गोष्टीने काही हजार वाचतात. अडचण इतकीच, की रिंग लावल्यावर लेन्सचं हूड बहुधा बसत नाही.

धबधब्याचं पाणी रेशमी हवं असेल तर एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर लागतो. एनडी 8 म्हणजे तीन स्टॉप, एनडी 64 म्हणजे सहा, एनडी 1000 म्हणजे दहा. सकाळच्या उजेडात धबधब्याला सीपीएल आणि एनडी 8 एवढं बहुधा पुरतं. समुद्र धुक्यासारखा करायचा तर दहा स्टॉप हवेत. तेव्हा 1/30 सेकंदाचं शटर अर्ध्या मिनिटाच्या वर जातं. ट्रायपॉड अटळ. फोकस आधी लावून मॅन्युअलवर ठेवा आणि मगच फिल्टर चढवा, कारण त्या अंधारातून ऑटोफोकस चाचपडतो. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका. बरा एनडी दोन ते चार हजारांत मिळतो. फारच स्वस्त असेल तर फोटोला तांबूस छटा चढते. पांढऱ्या कागदाचा एक फोटो दुकानातच काढून पाहा. कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडी व्हिडिओवाल्यांना सोयीचा, पण शेवटच्या टोकाला फिरवला की वाइड लेन्सवर काळी फुली उमटते. अर्धा गडद, अर्धा पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर मी नवशिक्याला सुचवणार नाही. दोन एक्स्पोजर घेऊन जोडले की ते काम भागतं.

फिल्टर आट्यांत अडकला तर चिमटीत दाबू नका, कडी वाकते आणि आणखी घट्ट बसते. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून, तळवा सपाट टेकवून फिरवा. पावसातून घरी आलात की फिल्टर लेन्सवर तसाच ठेवू नका. मध्ये अडकलेली ओल बुरशीला आमंत्रण देते. दोन्ही वेगळे करून पुसा आणि सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा.